वरचा स्लॉट, खालचा स्लॉट आणि ताईच्या लग्नाचे फोटो

पाऊस लागला की तारकर्लीचं स्कूबा बंद, आणि मग माझ्याकडे तीन महिने नुसता वेळच वेळ. मी काही बोटीवर नसतो हां, पर्यटक पाण्याखाली माशांबरोबर जे हातवारे करतात त्याचे व्हिडिओ कापायचे, रंग सुधारायचे (पाण्यात लाल रंग आधी मरतो, सगळं निळंहिरवं येतं), गाणं लावायचं आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या मोबाईलवर पोचवायचं हे माझं काम. दोन सीझन जुन्या लॅपटॉपवर काढले, मे महिन्यात त्याने मान टाकली. म्हटलं आता डेस्कटॉपच, आणि तोसुद्धा स्वतः जोडायचा.

प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, कारण ग्राफिक कार्डाला पैसे नव्हते आणि याच्यात ग्राफिक आतच येतं. मदरबोर्ड बी५५०. रॅम ३२ जीबी. मुंबईचा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, लॅमिंग्टन रोडवरून सगळं घेऊन तुतारी एक्सप्रेसने कुडाळला उतरला, वर त्याच्या जुन्या लॅपटॉपमधली २५६ जीबीची एसएसडी (चिपवाली, न फिरणारी डिस्क) फुकटात दिली, "विंडोज याच्यावर टाक, मोठी नंतर घे." छोटीशी पट्टी, एम डॉट टूवाली. बोर्डावर एम डॉट टूचे दोन स्लॉट. पट्टी वरच्यात अगदी अलगद बसली, स्क्रू लावला, पॉवर दिली, फॅन फिरले, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची बोर्डाची सेटिंगची स्क्रीन) ड्राइव्हच नाही.

दोन तास गेले त्यात. पट्टी काढली, लावली, परत काढली. रॅम काढून खोडरबरने घासली, कोकणात पीसी चालेनासा झाला की पहिला उपाय हाच, खाऱ्या हवेने कॉन्टॅक्ट खराब होतात ना. पण हा बोर्ड कालच खोक्यातून निघालेला, त्याला कसली खारी हवा! शेवटी दादा म्हणाला मॅन्युअल बघ. मॅन्युअल कोण वाचतं, तेच खोक्यात सर्वात खाली असतं.

तर मॅन्युअलमध्ये निघालं ते असं. एम डॉट टू हा फक्त आकार आहे. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब, बस. आतून ती पट्टी साटाची (जुनी, हळू) भाषा बोलते की एनव्हीएमईची (नवी, वेगवान), हे आकारावरून कळत नाही. थोडाफार अंदाज खाचेवरून येतो, साटावाल्या पट्टीला बहुतेक दोन खाचा असतात, चार लेनच्या (म्हणजे डेटाचे चार रस्ते असलेल्या) एनव्हीएमईला एकच. दादाच्या पट्टीला दोन. आणि आमच्या बोर्डाचा वरचा स्लॉट फक्त एनव्हीएमई घेतो, खालचा दोन्ही घेतो. दोन खाचावाली पट्टी वरच्यात पण आरामात बसते हो, हाच तर घोळ आहे, बसते म्हणून आपल्याला वाटतं चालेल.

पट्टी खाली हलवली आणि दिसली. विंडोज टाकलं, रात्री अकरा वाजता आईला पण बोलावून दाखवलं. आणि तेव्हा लक्षात आलं की जुनी दोन टीबीची हार्डडिस्क, जी सकाळी बायोसमध्ये दिसत होती, ती गायब. तिच्यात ताईच्या लग्नाचे सगळे फोटो. आईने एकच वाक्य टाकलं, "माका म्हायत होता, असल्या डब्यात काय ठेवूचा नाय म्हणान." माझ्या पोटात गोळा. डिस्कला कान लावला तर फिरतेय व्यवस्थित, आवाज नेहमीचाच.

परत मॅन्युअल. त्याच पानावर तक्त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती, खालच्या एम डॉट टू स्लॉटमध्ये काही लावलं तर साटाचे ५ आणि ६ नंबरचे पोर्ट बंद होतात. चिपसेटकडे (बोर्डावरची डेटाची वाहतूक सांभाळणारी चिप) रस्ते मोजकेच असतात, तेच रस्ते कधी या स्लॉटला देतात कधी त्या पोर्टला, म्हणून. माझी हार्डडिस्क बरोब्बर ५ नंबरला होती, कारण केबल तिथपर्यंत सरळ जात होती. केबल १ नंबरला लावली, ताईचं लग्न परत आलं.

प्रत्येक बोर्डाचं हे गणित वेगळं असतं. काहींवर एकच पोर्ट जातो, काहींवर साटा पट्टी लावली तरच जातो, काहींवर काहीच जात नाही पण एखादा पीसीआयई स्लॉट (ग्राफिक कार्ड वगैरे लावायचा) बंद पडतो. म्हणून दुकानदाराला "एसएसडी द्या" म्हणण्याआधी आपल्या बोर्डाच्या नेमक्या मॉडेलचं मॅन्युअल डाउनलोड करून स्टोरेजचं पान वाचायचं, आणि मॉडेल म्हणजे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरापर्यंत, एका अक्षराने वेगळा बोर्ड होतो.

आता मोठी ड्राइव्ह. इथे मी आधी यूट्यूब बघून जेन ५ (जेन म्हणजे पीसीआयई जोडणीची पिढी, आकडा मोठा तेवढा वेग जास्त) वगैरेची स्वप्नं बघत होतो, खोक्यावर १४,००० एमबी पर सेकंद लिहिलेलं असतं ना. पण ५६००जी हा प्रोसेसर पीसीआयई ३.० वालाच आहे. बी५५० बोर्डाच्या वरच्या स्लॉटवर जेन ४ लिहिलंय खरं, पण ते नुसत्या ५६०० साठी, जी लागला की तोच स्लॉट जेन ३ होतो. म्हणजे कितीही महाग पट्टी घाला, साधारण ३,५०० च्या वर जाणार नाही. चालते मात्र, जेन ४ ची पट्टी जेन ३ मध्ये बिनतक्रार चालते, फक्त हळू. उलटपण चालतं.

आणि मला ३,५०० तरी लागतात का? हिशोब केला तर हसायला आलं. आमच्या कॅमेऱ्याचं फुटेज १०० मेगाबिटचं, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. साधी साटा एसएसडी ५५० देते. कार्डावरून कॉपी करायचं तर आमचं कार्डच नव्वदच्या आसपास दमतं, तिथे एसएसडी काय करणार बापडी. फरक पडतो तो विंडोज उघडायला, एडिटिंगच्या कॅश (तात्पुरत्या) फाइलींना, आणि एका ड्राइव्हवरून दुसरीवर एकदम दीडदोनशे जीबी ढकलायचे असतात तेव्हा.

ते शेवटचं महत्त्वाचं. स्वस्तातल्या क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणाऱ्या) ड्राइव्ह सुरुवातीला जोरात लिहितात कारण थोडा भाग त्या वेगवान कॅशसारखा वापरतात, तो भरला की वेग इतका पडतो की हार्डडिस्कची आठवण यावी. टीएलसी (तीन बिटवाली) पण मंदावते पण एवढी नाही. खोक्यावर हे कुठेच नसतं, तिथे पहिल्या मिनिटाचाच आकडा.

लोक टीबीडब्ल्यूला घाबरतात, म्हणजे आयुष्यात किती टेराबाइट लिहून होणार. एक टीबीत क्रुशियल पी३ (क्यूएलसी) ला कंपनीने २२० दिलेत, डब्ल्यूडी एसएन५७० (टीएलसी) ला ६००. मी दिवसाला ६० जीबी आणतो, रेंडर-बिंडर धरून १२० लिहितो समजा, सीझनचे २४० दिवस, वर्षाला २९ टीबी. म्हणजे २२० वाली पण साडेसात वर्षं जाईल, वॉरंटी पाच वर्षांचीच आहे. तेव्हा त्या आकड्यासाठी मी टीएलसी घेतली नाही, त्या दीडशे जीबीच्या कॉपीसाठी घेतली.

शेवटी डब्ल्यूडीचीच एसएन७७०, एक टीबी, वरच्या स्लॉटमध्ये. जेन ४ ची आहे, ५,१५० चा दावा, माझ्याकडे अर्थात जेन ३ च्या वेगाने पळते, पण पुढे प्रोसेसर बदलला तर पट्टी बदलायला नको आणि तेव्हा जेन ३ वाली काही फार स्वस्त मिळत नव्हती. तिच्यात स्वतःची डीरॅम (कुठला डेटा कुठे आहे याचा नकाशा ठेवायची मेमरी) नाही, पीसीच्या रॅममधला थोडा तुकडा वापरते, एनव्हीएमईला ते जमतं. साटामध्ये ती सोय नाही, म्हणून साटा घ्यायची तर डीरॅमवालीच बघा, एमएक्स५०० सारखी. विंडोजमध्ये एक टीबीचे ९३१ जीबी दिसतात, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका, मोजण्याची पद्धत वेगळी.

बसवताना दोन गोष्टी. बोर्डाच्या हीटसिंकखालच्या पॅडवर पातळ प्लॅस्टिक असतं, ते सोलायचं, मी विसरलो होतो आणि दमट दुपारी ड्राइव्ह चांगलीच तापली. दुसरं म्हणजे तो स्क्रू. तांदळाच्या कणीएवढा, माझा लाद्यांच्या फटीत गेला तो गेलाच, बाजारात मोबाईल रिपेअरवाल्याने डबा उपडा करून तसाच एक शोधून दिला, पैसे पण घेतले नाहीत.

यूपीएस मात्र त्याच आठवड्यात घेतला. आमच्याकडे जूनमध्ये लाईट जाते येते जाते, आणि बहुतेक घरगुती एसएसडीत लाईट गेल्यावर अर्धवट लिहिलेलं सांभाळायला लागणारे कपॅसिटर नसतात. आणि ताईच्या लग्नाचे फोटो हार्डडिस्कवरच ठेवलेत, शिवाय एक कॉपी ताईकडे पुण्याला. एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं बिनपॉवरची पडली तर आतला चार्ज हळूहळू उतरतो, फोटो जपायला ती जागा नाही.

दादाची २५६ वाली खालच्या स्लॉटमध्येच आहे, एडिटिंगची कॅश तिच्यावर. साटाच्या ५ आणि ६ वर आईने तिच्या शिवणाच्या डब्यातली पांढरी पट्टी चिकटवलीय. परवा दादाचा फोन, चतुर्थीला येताना ओळखीतून अजून एक साटा पट्टी मिळतेय, आणू का? मी त्याला मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो पाठवला.