डेकखालच्या वाती

पहिला जोरदार पाऊस झाला की आम्हा पेस्ट कंट्रोलवाल्यांचे फोन वाजायला लागतात. घुशींची बिळं पाण्याने भरतात आणि त्या कोरडी जागा शोधत निघतात. पूर्वी ती जागा म्हणजे जिन्याखालची अडगळ नाहीतर फरशीखालची पोकळी. हल्ली बंगल्याच्या मागे लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा बसायचा ओटा, करायची हौस आली आहे. जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच, वर फळ्यांचं छप्पर, खाली भुसभुशीत माती, आणि कुत्र्या-मांजरांना आत शिरायची सोय नाही. घुशीने स्वतः आर्किटेक्ट नेमला असता तरी याहून बरं घर मिळालं नसतं.

पुण्यात सहकारनगरमधलं काम असंच आलं. बागेतल्या दिव्यांच्या वायरी कुरतडल्या होत्या, आणि डेकवर चहा घेऊन बसलं की वास यायचा. आधी कोणीतरी येऊन फळ्यांच्या फटींतून विषाचे केक टाकून गेलं होतं. या केकमध्ये बहुतेक वेळा ब्रोमाडायोलोन असतं, 0.005 टक्के. उंदीर ते खाऊन लगेच मरत नाही. रक्त गोठायचं थांबतं आणि चार-पाच दिवसांनी तो मरतो. कुठे मरायचं हे आपण ठरवू शकत नाही. इथे तो फळ्यांच्या मधोमध मेला होता, जिथे हात पोचत नव्हता. शिवाय घरात लॅब्रेडॉर, आणि जवळच तळजाईची टेकडी. मरायला टेकलेला उंदीर कुत्र्याने, घुबडाने किंवा धामणीने खाल्ला की विष त्याच्याही पोटात जातं. कुत्र्याला निदान व्हिटॅमिन के देता येतं, घुबडाला कोण देणार? डेकखाली विष टाकायला माझा विरोध असतो तो यासाठी.

घरमालक साहेबांना नवीन केक हवे होते. मी म्हटलं, फळ्या काढाव्या लागतील. फळ्या महागाच्या, सुताराने खिळे ठोकून कायमच्या बसवलेल्या. साहेबांचं तोंड उतरलं. मग मी म्हटलं, आजची रात्र द्या, उद्या सकाळी तुम्हीच सांगा.

संध्याकाळी डेकच्या कडेची सगळी बिळं आम्ही ओल्या मातीने लिंपून टाकली आणि कडेने रांगोळी पसरली. रांगोळी साहेबांच्या आईने, म्हणजे आजींनीच दिली. त्या ऐंशीच्या पुढच्या, पण डबा देताना ‘उरलेली परत आण’ म्हणाल्या. सकाळी तीन बिळं पुन्हा उकरलेली होती, तोंडाशी ताज्या मातीचे ढीग. म्हणजे बिळं घुशीच्या वापरात. पण रांगोळीत पावलं दोन प्रकारची होती: घुशीची रुंद, आणि घरउंदराची बारीक, मधून शेपटीची रेघ. बारीक पावलं तुळशी वृंदावनाकडून डेककडे येत होती. ते बघून साहेबांनी सुताराला फोन लावला.

पहिल्या चार फळ्यांखाली अपेक्षेप्रमाणे मेलेला उंदीर आणि लेंड्या. लेंड्या कोरड्या झाडायच्या नसतात. उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो, आणि सुक्या घाणीची धूळ नाकात गेलेलीही वाईटच. आम्ही हातमोजे घालून आधी ब्लीचचं पाणी मारतो. पुढच्या फळीखाली घुशीचं कोठार निघालं. घूस धान्य साठवते, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. पण सहकारनगरात बिळातून ओंजळी भरभरून बाजरी काढताना मला मौज वाटली. साहेबांनी आईकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, “मी चिमण्यांना घालते.” रोज सकाळी डेकवर मोठी ताटली भरून. चिमण्या खातील तेवढी खातात, बाकीची रात्रभर तिथेच.

यावर मायलेकांची जुंपणार असं दिसत होतं, तेवढ्यात सुताराने पुढची फळी उलटी केली. खालच्या अंगाला तळहाताएवढा काळा डाग, कोळशासारखा. त्याच्या खाली सुक्या पानांचं घरटं आणि त्यात फुलवाती. काही नुसत्या कुरतडलेल्या, दोन-तीन अर्धवट जळलेल्या.

तुपाच्या वातीवर उंदराचा डोळा असतोच. तुळशीपुढे लावलेला दिवा तेवत असताना घरउंदीर वात ओढून नेतो, हे देवघरांच्या बाबतीत जुन्या माणसांना माहीत आहे. इथे ती थेट सुक्या पाल्यात आणि लाकडाखाली गेली होती. पेटलं कसं नाही, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुधा पावसाळी ओलाव्याने वाचवलं. साहेब काही बोलले नाहीत. आजी मात्र लगेच म्हणाल्या, “तरीच. मला वाटायचं, वाऱ्याने विझून उडून जाते.”

पुढचं काम सरळ होतं. लहान उंदीर अर्ध्या इंचाच्या फटीतून सहज जातो, म्हणून जाळी पाव इंची, जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची. डेकच्या चारी बाजूंनी चर खणून ती फूटभर खाली उतरवली आणि तळाशी बाहेरच्या अंगाला आणखी फूटभर वळवली. घूस कडेला उकरायला लागली की तिला जाळीच लागते. सिमेंटने बंद करा, असं सुतार म्हणत होता. मी नको म्हटलं. हवा खेळली नाही तर लाकूड कुजतं आणि ओलीला वाळवी येते. मग तुम्ही मला दुसऱ्या कामासाठी बोलवाल. खिळ्यांऐवजी स्क्रू, आणि दोन फळ्या उघडता येतील अशा. उरलेल्यांसाठी पिंजरे, पण काही रात्री सापळा न लावता नुसते उघडे ठेवून, कारण उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. आमिष म्हणून मी सुकट सुचवली. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःच भजी म्हटलं.

कुंपणाजवळ एक चिचुंद्रीही दिसली. तिला सोडून दिलं. ती उंदरांच्या कुळातली नाहीच; झुरळं-किडे खाते, वास मारते एवढाच तिचा गुन्हा.

निघताना साहेबांनी गॅरंटी लेखी मागितली. मी बिलावर लिहिलं: जाळी आमची जबाबदारी, संध्याकाळी दाण्याची ताटली उचलणं घरच्यांची. आजींनी चष्मा लावून बिल वाचलं, माझं पेन मागून घेतलं आणि ‘ताटली’च्या पुढे ‘व दिव्यावर काच’ असं स्वतःच्या अक्षरात घातलं. मग रांगोळीचा डबा मागितला.