संध्याकाळची दोन घरं

परळच्या एका रात्रशाळेत मी गणित शिकवते. शाळेला कायमचा कारकून नाही, त्यामुळे फॉर्म भरायचं कामही माझ्याच गळ्यात पडलंय. गेल्या वर्षी नवरात्रात असाच एक अर्ज समोर आला.

ताईंचं वय छत्तीस. आठवी पास होऊन शाळा सुटली ती सुटलीच. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला, मुलगी सहावीत. सकाळी तीन घरांची धुणीभांडी आणि संध्याकाळी लोअर परळच्या टॉवरमध्ये दोन घरांच्या पोळ्याभाज्या. त्यांना अंगणवाडीत लागायचं होतं. 2023 पासून सेविका काय नि मदतनीस काय, दोन्ही पदांना बारावी पास लागते. वयाची अट पस्तीसची, विधवांना चाळीसपर्यंत सवलत. हे सगळं त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. माझ्याकडे आल्या त्या हिशोब करायला.

रात्रशाळेत नववीपासून रीतसर बसलं तर बारावीला चाळिशी उलटते. सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा फॉर्म भरून थेट दहावी दिली, तर मध्ये दोन वर्षं सोडून बारावी एकोणचाळिसाव्या वर्षी होते. म्हणजे नापास व्हायला जागा नाही. फॉर्म बाहेरून भरायचा आणि संध्याकाळी आमच्या दहावीच्या वर्गात येऊन बसायचं, एवढं ठरलं. बाकावर बसायला आमच्याकडे कोणाची ना नसते.

अडचण पुढेच होती. वर्ग साडेसहा ते साडेनऊ, आणि पोळ्यांची वेळही तीच. ती दोन घरं सुटली की महिन्याचे साडेसात हजार गेले.

आमच्या इंग्रजीच्या जुन्या सरांची मुलगी मेलबर्नला असते. ते नेहमी सांगतात, तिथे पंचवीसच्या पुढचा माणूस पूर्णवेळ शिकायला बसला आणि उत्पन्न-मालमत्तेच्या अटीत बसला, तर सरकार दर पंधरवड्याला खात्यात पैसे टाकतं. ‘ऑस्टडी’ म्हणतात त्याला. पैसे शिकतो म्हणून मिळतात, विधवा आहे किंवा निराधार आहे म्हणून नाही. आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की चहा गार होतो.

आपल्याकडे काय आहे ते मी कागदावर मांडलं. फी माफ करायला आपलं सरकार तयार असतं. मुलींना बारावीपर्यंत फी नाही. 2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक पदवीचीही फी माफ आहे. पण शिकायला बसल्यामुळे जी कमाई बुडते, ती भरून देणारा रकाना मला कुठल्याच अर्जात सापडला नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना 6,000 मिळतात, पण शिक्षण चालू असेल तर माणूस अपात्र. संजय गांधी निराधार योजनेत महिना 1,500, पण वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं. मुंबईत वर्षाला एकवीसच हजार मिळवणारी बाई जगते कशी, हे मला कोणीतरी समजावून सांगावं. राहिली लाडकी बहीण, तेही 1,500, आणि ते ताईंना मिळत होते. त्यात आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठीच्या बालसंगोपन योजनेचे मुलीच्या नावाने महिना 2,250 मिळू शकतात, हे त्यांना माहीतच नव्हतं. दोन्ही मिळून 3,750. साडेसात हजारांचे बरोबर निम्मे.

“म्हणजे एक घर सोडता येतंय,” ताई म्हणाल्या.

बाईला गणित येत होतं. बीजगणिताचं नंतर बघू, म्हटलं.

पण त्याच आठवड्यात लाडक्या बहिणीचं ई-केवायसी सुरू झालं होतं. पोर्टल सारखं बंद पडायचं. वर्ग सुटल्यावर आम्ही माझ्या फोनवर बसलो. त्यांच्या आधारचा ओटीपी आला, पुढचं पान उघडलं. तिथे पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागत होते. वडील आधार निघायच्या आधीच गावी वारलेले. नवऱ्याचं कार्ड त्यांच्या पिशवीत होतं, प्लास्टिकच्या पाकिटात, मृत्यू दाखल्याच्या झेरॉक्सला चिकटलेलं. त्यांनीच नंबर टाकला आणि बटण दाबलं. पिशवीतला दुसरा फोन वाजला. नवऱ्याचं सिम त्यांनी चालू ठेवलं होतं, मुलीच्या शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप त्यावर असतो म्हणून.

सहा आकडे आले होते.

“टाकू का बाई?”

बाहेर मंडळाच्या स्पीकरवर गरबा चालला होता. खरं सांगायचं तर टाकले असते तर त्या रात्रीपुरतं काम झालं असतं, आणि तसं करणाऱ्या बायका कमी नसणार. मी म्हटलं, “ताई, आज दीड हजारासाठी कागदावर त्यांना जिवंत केलंत, तर उद्या विधवा म्हणून चाळीसची सवलत कशी मागणार? बालसंगोपनाच्या अर्जालाही हाच मृत्यू दाखला जोडायचाय.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग फोन पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, “सतरा नंबरचं तेवढं आज करून टाका.” ते केलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, त्याची जोडणी करण्यातच साडेदहा वाजले. शिपाईकाका चाव्या वाजवत दारात उभे.

नोव्हेंबरात सरकारने सुधारणा केली. पती आणि वडील दोघंही हयात नसतील, तर स्वतःचं ई-केवायसी करून मृत्यू दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. ताई दाखला द्यायला गेल्या आणि तासभर तिथेच बसल्या. अंगणवाडीच्या नोंदींच्या पोषण ट्रॅकर ॲपवर रोज काय भरावं लागतं, मुलांची वजनं कधी घ्यायची, जागा निघाली की जाहिरात कुठे लागते, सगळं विचारून आल्या. सेविकेने रहिवासी पुरावा आतापासूनच तयार ठेवायला सांगितलं, कारण जागा स्थानिक बाईलाच मिळते.

बालसंगोपनाचा अर्ज बालकल्याण समितीपुढे गेला. मंजूर झाला तरी ते पैसे दर महिन्याला येत नाहीत, साठून एकदम येतात. मधले महिने कसे काढायचे, हा प्रश्न ताईंनी मला विचारला नाही. त्यांनी एक घर सोडलं आणि दुसऱ्या घरच्या वहिनींना विचारलं, साडेसहाऐवजी चार वाजता येऊन करून गेले तर चालेल का?

चाललं. पोळ्या गार मिळणार म्हणून पगारातले पाचशे कापले.