तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलचे धडधाकट दिसणारे पार्ट मी कापून का टाकते

"ताई, तो फोर्क तर मस्त होता, एक ओरखडा नव्हता त्यावर, त्याला करवत कशाला लावलीत? कोणाला तरी देऊन टाकायचा ना."

हे मला इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलंय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकते. विचारणारे सगळे आपलेच, सायकलवर जीव असलेले, आणि त्यांना खरंच वाईट वाटतं हे मला दिसतं. पण "तुम्हाला द्यायचं नसेल तर नाही म्हणा, नासधूस कशाला" असं कोणी म्हटलं की मला ते लागतं. द्यायचं नाही असं नाहीये हो. मी देते. डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा), शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), पेडल, सीट, चेनरिंग, हब, फ्रीव्हील, ब्रेकचे लिव्हर, जे येईल ते साफ करून, ग्रीस लावून, चालतंय का बघून देते आणि एक पैसा घेत नाही. अदलाबदल करायची असेल तर तीही करते.

हां, देण्याआधी प्रश्न फार विचारते हे मान्य. तेही काही जणांना खटकतं, की फुकट पार्टसाठी एवढी उलटतपासणी. पण न विचारून चालत नाही. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, २७.२ मिलिमीटरची हवी का २७.० ची, हा फरक हातात धरून कळत नाही, पण २७.२ च्या फ्रेममध्ये २७.० ची घातली की ती खाली सरकत राहते, मग माणूस क्लॅम्प आवळत जातो आणि शेवटी फ्रेमचं तोंडच वाकडं होतं. बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे पेडलचा आस ज्यात फिरतो त्या बेअरिंगचे, आटे इटालियन मापाचे आहेत का बीएसए मापाचे, हे न बघता लोक पान्ह्यानं जोर लावतात आणि फ्रेम बाद करतात. गिअरचं तर विचारूच नका. शिमानो कंपनीचे जुने १० स्पीडचे रोड शिफ्टर आणि १० स्पीडचा माउंटन डिरेलर, दोन्हीवर १० लिहिलंय म्हणून लोक आनंदानं घेऊन जातात आणि ते जुळत नाही, कारण दोघांचं केबल खेचायचं प्रमाणच वेगळं, पण ९ स्पीडचा माउंटन डिरेलर मात्र त्याच शिफ्टरवर व्यवस्थित चालतो. हे आधी बोललं नाही तर तो पार्ट नव्या माणसाच्या खोक्यात जाऊन पडतो, बस्स.

पण यात चुकलं तर काय होतं? गिअर अडकतो, चेन घसरते, चिडचिड होते. म्हणजे हे पार्ट खराब होताना बोलतात. आवाज करतात, हलतात, आधी सांगतात. काही पार्ट असे आहेत की ते काहीच सांगत नाहीत आणि एकदम जातात. हँडलबार, स्टेम (हँडलबार धरणारा तुकडा), फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय), क्रँक (पेडल ज्याला लागतं तो दांडा), आणि रिम ब्रेकवर घासून घासून पातळ झालेली रिम. यातलं जे पडलेल्या सायकलचं असेल, किंवा ज्याचं आधी काय झालंय हे मला खात्रीनं कळू शकत नाही, ते मी कापते. जसंच्या तसं भंगारात टाकलं तर कोणीतरी उचलून पुसून परत लावतं, हे मी बघितलंय. म्हणून कापते.

आता ती गोष्ट सांगते, जी मी आजवर अर्धीच सांगत आले.

आमच्यातलीच एक मुलगी, नाव लिहीत नाही. सायकल हौसेनं जमवलेली, म्हणजे फ्रेम एकाची, चाकं दुसऱ्याची, हँडलबार तिसऱ्याकडून मिळालेला, वर छान लाल बार टेप. त्या देवघेवीत मी नव्हते. हे मी मुद्दाम सांगतेय कारण मला ते प्रत्येक वेळी सांगावंसं वाटतं, का ते मला नीट माहीत नाही. आम्ही चढावर होतो, मी तिच्या मागे. ती सीटवरून उठली आणि हुड्स, म्हणजे ब्रेक लिव्हरवरच्या रबरी मुठी, ओढत उभ्यानं पेडल मारायला लागली. एक आवाज आला, मोठा नव्हता, वाळकी काटकी मोडल्यासारखा, आणि हँडलबारची उजवी बाजू स्टेमच्या अगदी कडेपाशी तुटून केबलवर लोंबायला लागली, ब्रेकसकट. ती ज्या हातावर भार देत होती तो हातच हवेत गेला. ती उजवीकडे तोंडावर पडली. हनुवटी फाटली, कॉलरबोन मोडलं, आणि पुढचा एक दात तिला तिच्या हातमोज्यात सापडला. चढ होता म्हणून वेग नव्हता. तोच रस्ता आम्ही थोड्या वेळानं उतरणार होतो, पूर्ण वेगात, दोन्ही हातांनी ब्रेक दाबत. मी त्यापुढचा विचार अजूनही करत नाही.

तिला दवाखान्यात पोचवल्यावर सायकल माझ्याकडे आली. रात्री मी तो टेप सोडवला. लाल टेपखाली आणखी एक टेप होता, जुना, काळा, चिकट झालेला, कुणीतरी तो न काढता वरूनच नवा गुंडाळलेला. तो काढला तर खालून पांढरी पूड सांडली, पिठासारखी. अॅल्युमिनियम खारट घामात वर्षानुवर्षं भिजलं की असं होतं. पुसल्यावर पृष्ठभागावर खड्डे खड्डे दिसले, आणि लिव्हर जिथे आवळला जातो तिथे मी बारीक स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून दाबलं तर ते आरपार गेलं. म्हणजे स्टेमपाशी तुटला नसता तर तिथे तुटला असता. मग तुटलेलं तोंड बॅटरीखाली धरलं. तुम्ही कधी बघितलं नसेल तर सांगते: त्या गोलातला बराचसा भाग काळपट आणि गुळगुळीत होता आणि फक्त चतकोर भाग चकचकीत, दाणेदार. चकचकीत तेवढंच त्या दिवशी तुटलं. बाकीचं आधीच तुटलेलं होतं, तडा हळूहळू पुढे सरकत होता आणि ती रोज त्या उरलेल्या चतकोरावर सायकल चालवत होती. टेपमुळे बाहेरून काहीही दिसणं शक्य नव्हतं.

मी त्या बारचा माग काढला. भांडायला नाही, मला समजून घ्यायचं होतं. पहिला मालक लगेच म्हणाला, हो हो, तो ट्रेनरवरच्या, म्हणजे एका जागी स्टँडवर लावलेल्या सायकलचा, घरात चालवताना घाम एवढा यायचा की टेप पिळावा लागायचा, मी सांगितलं होतं त्याला. त्यानं दुसऱ्याला पेडलच्या जोडीच्या बदल्यात दिला होता. दुसऱ्याला ट्रेनरचं पुसटसं आठवत होतं, पण त्याच्या मते ट्रेनर म्हणजे उलट चांगलंच की, खड्डे नाहीत, पडणं नाही, बार नव्यासारखा. म्हणून त्यानं पुढे देताना "फारसा वापरलेला नाही" असं सांगितलं. आणि तिला ऐकू आलं, "नवाच आहे".

यात खोटं कोणीच बोललं नाही. मला खरा त्रास याचा होतो. कोणी लबाड असता तर मी त्याच्याशी व्यवहार बंद केला असता आणि विषय संपला असता. पण पार्ट हातोहात पुढे जातो आणि त्याचं आधी काय झालं ते प्रत्येक हाताला थोडं थोडं मागे राहतं, आणि तिसऱ्या माणसापाशी पोचतो तो फक्त पार्ट.

मग मी चिठ्ठ्या बांधून पाहिलं. कुठून आला, किती वापरला, पडला होता का, सगळं लिहून तारेनं पार्टला बांधायचं. पार्ट सायकलवर चढला की चिठ्ठी निघते, निघणारच. कोणीतरी सुचवलं पार्टवरच कोरून टाका. पण अॅल्युमिनियमच्या बारवर कोरायचं म्हणजे तडा सुरू व्हायला आपणच जागा करून द्यायची. लोखंडाचं, म्हणजे स्टीलचं तसं नाही, ठराविक मर्यादेच्या आतला भार ते कितीही वेळा सोसतं, आणि जाताना बहुतेक वेळा आधी वाकून दाखवतं. अॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नसते, प्रत्येक खड्डा कुठेतरी जमा होत राहतो. कार्बन फायबरचं आणखी अवघड, वरचा रंग शाबूत आणि आतले थर सुटलेले. पार्टवर नाणं वाजवून बघतात, बद्द आवाज आला तर गेला हे खरं, पण आवाज चांगला आला म्हणजे पार्ट चांगला असं त्यावरून म्हणता येत नाही, आणि फोर्कची वरची नळी तर फ्रेमच्या आत असते, ती कोण उघडून बघतं?

आता कोणी म्हणेल की मग क्रँक का देता, शिमानोच्या अल्टेग्रा मालिकेतला तो क्रँक तर दिलात. दिला, कारण त्याचं कळू शकतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शिमानोनं स्वतःच जाहीर केलं की २०१९ च्या जुलैआधी बनलेले ११ स्पीडचे अल्टेग्रा आणि ड्युरा-एसचे ठराविक क्रँक तपासून घ्या, कारण ते दोन भाग चिकटवून आतून पोकळ केलेले आहेत आणि त्यांचा जोड सुटू शकतो. त्या क्रँकच्या आतल्या बाजूला दोन अक्षरी कोड असतो, तो बघितला की कधीचा ते समजतं. माझ्याकडे आलेला त्या काळातला नव्हता. म्हणजे तिथे माहिती पार्टवरच छापलेली आहे, दहा हात बदलले तरी पुसत नाही. हँडलबारला घाम किती लागला याचा कोड कुठे असतो?

एक काळ असा होता की याच्या बरोबर उलट मी बोलायचे. तेव्हाची मी भेटले तर आजच्या मला सोडणार नाही. ती म्हणेल, एक किलो नवं अॅल्युमिनियम करायला चौदाएक युनिट वीज जाते, आणि तू घडवलेला पार्ट कापतेस? तिला माझं उत्तर आहे की ते वितळवून परत वापरायला त्याच्या साधारण ५ टक्केच ऊर्जा लागते, कापलेला बार वाया जात नाही, भंगारवाला आनंदानं नेतो. मग ती कार्बनवर येईल, आणि तिथे मी गप्प. कार्बनचे थर धरून ठेवणारं रेझिन एकदा कडक झालं की वितळत नाही, कापलेला कार्बन फोर्क म्हणजे खरोखरचा कचरा, आणि तो मी केलेला. आणि हेही सांगून टाकते की मी कापलेल्यातले काही पार्ट नक्की चांगले असणार. कोणते, ते मला कळत नाही म्हणून तर कापते.

"तुम्हाला परवडतं म्हणून कापता" हे सगळ्यात जास्त ऐकवलं जातं. माझं म्हणणं असं की ज्याला नवा बार घ्यायला जमत नाही त्याला दात आणि कॉलरबोनचा खर्च तरी कुठून जमणार, आणि वर फुकट मिळतंय म्हटल्यावर तोच माणूस सगळ्यात कमी प्रश्न विचारतो, त्याला संकोच वाटतो, दिलेल्या वस्तूत खोट कशी काढायची. दुकानात तो बार उलटासुलटा करून बघेल. माझ्याकडून मान खाली घालून घेऊन जाईल. म्हणून मी त्याच्या वाटचं बघते.

हे बोलताना मला बरोबर वाटतं. पण मग तो दादा आठवतो, जो कामावर रोज सायकलनं जातो, हौस म्हणून नाही, गरज म्हणून. त्याचा फोर्क कुठेतरी धडकून वाकलेला आणि ठोकून सरळ केलेला होता, पाय एकसारखे नव्हते. त्याला माझ्याकडचा कार्बन फोर्क हवा होता, मापात बसत होता, आणि मी तो त्याच्या समोर कापला, कारण तो अपघातातल्या सायकलचा होता. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, आत्ता ज्याच्यावर चालवतोय त्यापेक्षा तर तो बराच असता ना?" मी त्याला कार्बन कसं आतून जातं ते सगळं सांगितलं, ते त्यानं ऐकून घेतलं. त्याच्यासाठी स्टीलचा फोर्क मी नंतर शोधून काढला आणि बसवूनही दिला, पण तो मिळेपर्यंत तो त्याच ठोकलेल्या फोर्कवर कामावर जात होता. त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. कधी वाटतं बराच असता. कधी तो चकचकीत चतकोर डोळ्यांसमोर येतो आणि वाटतं, नाही, वाकलेलं स्टील निदान दिसत तरी होतं. पुन्हा तसा प्रसंग आला तर मी पुन्हा कापीनच, पण तेव्हाही मला खात्री वाटत असेल असं नाही.

तर तुम्ही मला पार्ट आणून देता तेव्हा नुसता दाराशी ठेवून जाऊ नका, एवढं करा. कसा वापरला ते सांगा, पडला असाल तर लाजू नका, ट्रेनरवर होता का तेही सांगा. टेप तुमच्या हातानं काढून आणा. आत्ताच एक स्टेम आलाय, ३१.८ चा, १०० मिलिमीटर, काळा, दिसायला उत्तम. बाकी सगळा जुना आणि फेसप्लेटचे, म्हणजे हँडलबार दाबून धरणाऱ्या पुढच्या पट्टीचे, चारही बोल्ट कोरे. जुने गंजले म्हणून बदलले, का आवळताना आटे गेले म्हणून, का पडल्यावर वाकले म्हणून? तिन्ही कारणांसाठी तीन वेगळी उत्तरं आहेत. ज्यानं ठेवला असेल त्यानं मला फोन करा, या आठवड्यात एक मुलगा मागायला येणार आहे.