आमची वाटचाल : मध, मोहोळ आणि किनाऱ्यावरची दमट हवा

सह्याद्रीच्या पायथ्यापासून खाडीपर्यंतच्या पट्ट्यातला जंगली मध विकत घ्यायचा, न तापवता गाळायचा आणि बाटलीत भरून विकायचा, एवढाच आमचा धंदा. पडवीतून सुरुवात झाली, आज त्यासाठी वेगळी बंद खोली आहे. या दोन टोकांच्या मध्ये जे जे बदललं ते बहुतेक एकाच कारणासाठी बदललं, ते म्हणजे पाणी. मधातलं आणि हवेतलं.

नीट पिकलेल्या मधात साधारण 17 ते 18 टक्के पाणी असतं. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की असा मध उघड्यावर हवेतलं पाणी ओढून घेतो. कोकणात ही आर्द्रता थंडीचे थोडे दिवस सोडले तर जवळजवळ वर्षभर असते आणि पावसाळ्यात विचारायलाच नको. अन्नसुरक्षा मानकांप्रमाणे मधात पाणी जास्तीत जास्त 20 टक्के चालतं. जंगलातून येणारा आग्या माशीचा मध मुळातच पातळ असतो, 22-23 टक्के सहज भरतो. एवढं पाणी असलं की मधात आधीपासूनच असलेलं यीस्ट कामाला लागतं. कडेला बारीक बुडबुडे, वर फेस, झाकण उघडताना फुस्स आवाज आणि ताडीसारखा आंबूस वास अशी त्याची पायरी पायरीने लक्षणं दिसतात. असा मध विषारी नसतो, पण विकण्याजोगा राहत नाही. उकळून फेस बसवता येतो, पण आंबूस चव जात नाही आणि तापवल्यामुळे मधाचा वास मात्र जातो.

म्हणून आमचं काम बाटलीपासून नाही, पोळ्यापासून सुरू होतं.

आपल्या रानात मध देणाऱ्या माशा चार. आग्या उंच सावरीवर, सातविणीवर किंवा कड्याच्या कपारीत एकच मोठं, उघडं पोळं लावते. सातेरी झाडाच्या ढोलीत, जुन्या गडग्यात नाहीतर भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधते आणि हीच माशी पेटीत राहते. फुलोरी झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं करते, त्यात मध इतका थोडा की तो धंद्यासाठी काढू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. चौथी पोयाची माशी, नांगी नसलेली. ती मेण आणि राळेच्या छोट्या कुड्यांत आंबटसर मध साठवते. औषधाला म्हणून त्याला फार मागणी असते, पण त्यात पाणी एवढं जास्त असतं की तो नेहमीच्या मानकात बसत नाही. आम्ही तो विकत नाही. कुणी हटकून मागितला तर फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवा, एवढा सल्ला फुकट देतो.

आमचा बहुतेक मध आग्याचा. तो काढणारे कातकरी आणि धनगर वाड्यांवरचे लोक आहेत आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने मध, मेण ही गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा त्यांचा हक्क मान्य केला आहे. काम त्यांचं, कसब त्यांचं. आम्ही आग्रह धरला तो दोनच गोष्टींचा. पहिली, पोळं पूर्ण उतरवायचं नाही. आग्याच्या पोळ्यात मध सगळीकडे नसतो. फांदीला चिकटलेल्या वरच्या बाजूला, एका कोपऱ्यात, पोळं जाड फुगलेलं असतं, तिथे मध. खाली पसरलेल्या भागात अंडी, अळ्या, कोष आणि मध्ये परागाचा पट्टा. फुगीर भाग तेवढाच कापून घेतला आणि पिलाव्याचा भाग फांदीवर ठेवला, तर माशी बहुधा तिथेच राहते आणि फुलोरा चालू असेल तर तीच जागा पुन्हा भरते. पेटती चूड पोळ्याला लावून माशा जाळल्या की पुढच्या वर्षी त्या झाडावर माशी कमी येते, हे काढणाऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आता चूड धुरासाठीच वापरतात, आत सुका पाला आणि वरून हिरवा पाला बांधून, म्हणजे धूर भरपूर आणि ज्वाळ नाही.

दुसरी गोष्ट, घरं बंद झालेलीच पोळी कापायची. मध पिकला की माशी घराच्या तोंडावर पातळ मेणाचं झाकण बसवते. दोन तृतीयांशाहून अधिक घरं बंद असतील तर मध उतरवण्याजोगा झाला असं धरतात. उघडी घरं म्हणजे कोवळा मध, त्यात पाणी जास्त. पोळं आडवं धरून झटकलं आणि थेंब उडाले, तर आठवडाभर थांबायचं. ही परीक्षा सातेरीच्या पेटीतल्या चौकटीला सोपी पडते. झाडावर, दोरीला लटकून, अंधारात हे बघणं सोपं नाही, म्हणून आम्ही दर पाण्याच्या टक्केवारीवर ठेवला. 20 च्या आतल्या मधाला पूर्ण दर, 22 पर्यंत थोडा कमी आणि 24 च्या वरचा घ्यायचाच नाही. दर असा बांधल्यावर पिकलेल्या मधाचं प्रमाण वाढलं, भाषणाने वाढलं नव्हतं.

टक्केवारी मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो, हातात मावणारा. एक थेंब काचेवर टाकायचा, झाकण दाबायचं, बुडबुडा राहता कामा नये. अर्धं मिनिट थांबून उजेडाकडे धरून वाचायचं. मध रवाळ झालेला असेल तर आकडा चुकतो. मधाच्या रिफ्रॅक्टोमीटरची पट्टी पाण्याच्या शून्यापासून सुरू होत नाही, त्यामुळे तो पाण्याने तपासता येत नाही. यंत्रासोबत मिळणारं तपासणीचं तेल किंवा काच वापरावी लागते. पिंपातला मध असेल तर वरून, मधून आणि तळातून असे तीन नमुने घ्यावेत. पातळ मध वर तरंगतो, दाट खाली बसतो. फक्त तळाच्या नळातून घेतलेला नमुना 19 दाखवतो आणि वरचा थर 22 असतो, आंबणं तिथूनच सुरू होतं.

हाताने पोळं पिळून काढलेला मध आम्ही घेत नाही. पिळताना अळ्यांचा रस आणि पराग मधात उतरतो, मध गढूळ होतो आणि लवकर आंबतो. त्याऐवजी मधाचा कांदा, म्हणजे पोळ्याचा तो फुगीर भाग, सुरीने कापून, झाकणं उघडी करून, स्टीलच्या पातेल्यावर ताणलेल्या नायलॉनच्या जाळीवर ठेवायचा. मध आपल्या वजनाने गळतो. उन्हाळ्याच्या उबेत रात्रभरात बराचसा उतरतो. मलमल वापरली तर तिचे तंतू मधात जातात, म्हणून नायलॉन. जाळी फार बारीक नको, मेणाचे कण अडावेत आणि पराग जावा. त्यानंतर मध उंच, झाकणबंद टाकीत तीन-चार दिवस निवळू द्यायचा. मेण आणि हवा वर येते, तो फेस काढून टाकायचा आणि भरणी खालच्या नळाने करायची.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं. मध आम्लधर्मी असतो. तांबं, पितळ, जस्ताचा पत्रा यांच्याशी त्याचं जमत नाही, रंग काळवंडतो आणि धातू उतरतो. गावोगाव मध अजून तेलाच्या जुन्या डब्यात येतो, तो आम्ही वासावरूनच परत करतो. मध वासही ओढतो. सुक्या बांगड्याच्या डब्याशेजारी नीट न लावलेल्या झाकणाची बरणी ठेवून बघा.

20 च्या वर असलेला मध आम्ही तापवून आटवत नाही. बंद खोलीत हवेतलं पाणी काढणारं यंत्र लावलेलं असतं. आर्द्रता 40-45 टक्क्यांपर्यंत आणि उष्णता 35 अंशांच्या आसपास ठेवून रुंद ट्रेमध्ये मधाचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर देतात आणि मधून मधून हलवतात. पाणी हवेत जातं, यंत्र ते बादलीत काढतं. 40 अंशांच्या वर जायचं नाही. जास्त तापवल्यावर मधातली विकरं (एन्झाइम) निकामी होतात आणि एचएमएफ नावाचं संयुग वाढतं. मानकात त्याची मर्यादा किलोला 80 मिलिग्रॅम आहे. ते तापवण्याने वाढतं तसं नुसत्या उन्हाळ्यातही हळूहळू वाढतं, म्हणून मध पत्र्याच्या छपराखाली साठवू नये.

या सगळ्याला मुदत एकच, आगोट, म्हणजे पावसाच्या तोंडावरचे दिवस. फेब्रुवारीपासून मेपर्यंत जे गळेल, निवळेल, ते मृग लागायच्या आत बाटलीत बंद झालं पाहिजे. जूननंतर टाकी उघडायची नाही, हा आमचा नियम. पावसात ऑर्डर आली तर आधीच भरलेली बाटली जाते, नाहीतर ‘संपला’ असं सांगतो.

चवीचं म्हणाल तर ती फुलांची. मार्च-एप्रिलच्या मधात जांभळाचा भाग मोठा असेल तर रंग गडद आणि मागे किंचित कडवटपणा. ऐन, हिरडा, किंजळ मिळून तांबूस. कारवी दर सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, तेव्हा पावसाळा सरताना तिचा दाट, गडद मध मिळतो. त्यात सुक्रोज नैसर्गिकपणेच जास्त असतं. मानकात इतर मधाला 5 टक्के, तर कारवीच्या मधाला 10 टक्क्यांपर्यंत मोकळीक आहे. कारवी फुलते त्या वर्षी प्रयोगशाळेचा अहवाल बघून घाबरणाऱ्या व्यापाऱ्यांना हे दाखवावं लागतं. आंब्याच्या बागांमधला मध मात्र आम्ही टाळतो. मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारण्या चालू असतात, माशा मरतात आणि औषधाचा अंश मधात येण्याची शक्यता राहते.

ग्राहकांचे तीन प्रश्न कायमचे. एक, अर्धा किलोची बाटली एवढी लहान का? मध पाण्यापेक्षा जड आहे, एक लिटर मध सुमारे 1.4 किलो भरतो, म्हणून अर्धा किलोला साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपासची बाटली पुरते. दोन, तळाला साखर बसली, म्हणजे भेसळ? मधातला ग्लुकोज कण धरतो, हा मधाचा स्वभाव आहे आणि फ्रीजमध्ये हे लवकर होतं. बाटली 40 अंशांच्या, म्हणजे हात सहज बुडवता येईल अशा पाण्यात तासभर ठेवा, झाकण सैल करून. तीन, घरी शुद्धता कशी ओळखायची? ओळखता येत नाही. पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवणं, कुत्र्याने न चाटणं, यातलं काहीही भेसळ पकडत नाही. दाट साखरेचा पाक या सगळ्यांत पास होतो आणि आमचा पातळसर, खरा जंगली मध पाण्यात पसरून नापास होतो. 2020 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातला मध तपासला तेव्हा नेहमीच्या चाचण्यांतून सुटणारा पाक एनएमआर नावाच्या प्रगत चाचणीत सापडला. भेसळ पकडायची तर प्रयोगशाळाच हवी. बाटलीवर हंगाम, भाग आणि पाण्याची टक्केवारी छापली असेल तर विकणाऱ्याला विचारायला निदान काहीतरी हाताशी राहतं.

वापराबद्दल. कोरड्या खोकल्यावर एक चमचा मधात अर्धा चमचा आल्याचा रस, रात्री झोपताना. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, बोटावर चाटवायलाही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात त्यातून विष तयार होतं. मधुमेहींनी मध म्हणजे साखरच आहे असं धरून डॉक्टरांना विचारावं. आयुर्वेदातही मध तापवू नये आणि समप्रमाणात तुपाबरोबर घेऊ नये असं सांगितलं आहे. उकळत्या चहात मध ओतणाऱ्यांना आम्ही साखर घ्या म्हणतो, स्वस्त पडते. कोमट पाणी, थंड सरबत, घावणे, आंबोळीवर मध खरा लागतो. कोकम सरबताला आठ-दहा आमसुलं पेलाभर पाण्यात तासभर भिजवून कुस्करावीत, गाळून दोन चमचे मध, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ. मध साखरेपेक्षा गोड लागतो, तेव्हा नेहमीच्या साखरेच्या पाऊण मापाने सुरुवात करा.

मधातले आवळे करणाऱ्यांसाठी एवढंच, की ओल्या फोडी मधात टाकू नका. आवळा पाणी सोडतो, मध पातळ होतो आणि आठवड्याभरात फेसतो. आवळे वाफवून, फोडी दोन-तीन कडक उन्हं देऊन चामट झाल्यावरच मधात बुडवा.

मध गळून गेला की उरलेल्या पोळ्याचं मेण काढतो. पोळं पाण्यात टाकून मंद आचेवर वितळवायचं, गरम असतानाच कापडातून पिळून गाळायचं, गार झाल्यावर वर मेणाची वडी जमते. खालचा मळ खरवडून पुन्हा एकदा वितळवावं. मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, थेट आचेवर भांडं ठेवलं तर पेट घेऊ शकतं, म्हणून खाली पाणी हवंच. टाचांच्या भेगांसाठी लेप हवा तर 25 ग्रॅम मेण, 75 ग्रॅम खोबरेल आणि 25 ग्रॅम कोकमतेल गरम पाण्यातल्या भांड्यात वितळवून डबीत ओता. मे महिन्यात लेप मऊ पडत असेल तर मेण पाच ग्रॅमने वाढवा. थंडीत तो घट्ट वाटला तर तेवढंच खोबरेल.