टेनंट गेला, तरी मी का बघते

"टेनंट गेला की डॉक्टर हू संपलं, असं तूच म्हणायचीस ना? मग अजून कशी बघतेस?"

'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका. तिचा नायक डॉक्टर मरायला टेकला की नव्या चेहऱ्याने उठतो, म्हणजे नट बदलतो; डेव्हिड टेनंट हा दहावा डॉक्टर. २०१० पासून हा प्रश्न मला विचारला जातोय. दिवाळीच्या फराळाला भेटणाऱ्या मैत्रिणी विचारतात, धाकटे दीर विचारतात. आणि इथल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा जमणारी आमची मालिकावाली मंडळी तर नट बदलला रे बदलला की विचारतात. ३१ मे २०२५ ला तेव्हाचा डॉक्टर शूटी गटवा गेला, त्याच्या जागी बिली पायपरचा चेहरा दिसला, आणि सकाळी फोनवर पहिला निरोप हाच होता. आजवर "माणसाचं मत बदलतं" एवढं म्हणून मी विषय मिटवत आले. ते खरं नाही. माझं मत बदललेलं नाही.

मी नक्की काय म्हणत होते ते आधी सांगते, कारण आता ते अर्धंच फिरतं. टेनंटने आपण जाणार हे २९ ऑक्टोबर २००८ ला सांगितलं. स्ट्रॅटफर्डला हॅम्लेटचा प्रयोग चालू होता, मध्यंतरात तिथूनच त्याने एक पुरस्कार स्वीकारला आणि त्यातच हे सांगून टाकलं. त्याचा शेवटचा भाग लागला १ जानेवारी २०१० ला. चौदा महिने! २००९ मध्ये नेहमीसारखी तेरा आठवड्यांची मालिकाही नव्हती, मधूनमधून एखादा लांबलचक विशेष भाग, बस्स. बाकी वेळ काय करणार? वाद घालायचे. त्याच्या जागी येणारा मॅट स्मिथ सव्वीस वर्षांचा, इतका लहान डॉक्टर आजवर झाला नव्हता, त्यावर वाद. मालिकेचा मुख्य लेखक डेव्हिसही टेनंटबरोबर जाणार आणि त्याच्या जागी मॉफट येणार, त्यावर वाद. एप्रिलच्या भागात बसमधल्या एका बाईने डॉक्टरचं भविष्य सांगितलं, की तो चार वेळा टकटक करेल, आणि आम्ही उरलेलं वर्ष त्या चार टकटकींवर काढलं. बहुतेकांचं म्हणणं मास्टर, डॉक्टरचा जुना शत्रू. त्याच्या डोक्यात चार ठोक्यांचा ताल सतत वाजत असतो, मग दुसरं कोण? नोव्हेंबरात मंगळावरच्या भागात दारावर तीन धक्के बसले आणि चौथ्याच्या आत डॉक्टरने दारात वीज सोडली. त्या महिन्याच्या बैठकीत खोलीची वेळ संपली तरी कुणी उठेना.

त्याच बैठकीत मी ते वाक्य बोलले. डॉक्टर बदलतो आणि तरी तोच राहतो, ही सोय आहे, म्हटलं. १९६६ मध्ये पहिले डॉक्टर हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, मालिका तर चालवायची होती, म्हणून ही युक्ती काढली. युक्ती उत्तम होती. पण म्हणून दर वेळी आपण ती गिळायची का? एक माणूस आपल्याला चार वर्षं लळा लावतो, मग त्याच्या कपड्यांत दुसरा उभा राहतो आणि आपण टाळ्या वाजवायच्या? त्यापेक्षा त्याला मरू द्या. मानाने मालिका बंद करा.

आमच्यातले एक गृहस्थ तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांनी तो १९६६ चा भाग घरच्या गालिच्यावर बसून पाहिलेला. त्या भागाची फीत पुढे हरवली. चेहरा बदलतो तेवढा तुकडा वाचला, तोही मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात वापरला होता म्हणून. ते म्हणाले, "मला घरी कुणी सांगितलं नव्हतं असं होणार म्हणून. पुढच्या शनिवारी मी रागावून बसलो होतो. तिसऱ्या शनिवारी रागवायचं विसरलो." आणि वर म्हणाले, "२००५ मध्ये टेनंटच्या आधीचा एकल्स्टन तेरा भाग करून गेला, तेव्हा तुमच्या टेनंटबद्दल लोक हेच बोलत होते."

मी म्हटलं, "तुम्ही विसरलात म्हणून सगळ्यांनी विसरायचं का?"

एकल्स्टनबद्दल माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. आम्ही इंग्लंडला आलो ऑक्टोबर २००६ मध्ये. मी ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले तिथे पहिला हिवाळा मी कुणाशी धड बोलले नाही. मार्चच्या शेवटी एका शनिवारी मुलासाठी टीव्ही लावला, तर एक अख्खं हॉस्पिटल उचलून चंद्रावर नेऊन ठेवलेलं, खिडकीबाहेर काळं आकाश, आणि वॉर्डमधला एक सडपातळ पेशंट या सगळ्याने खूश झालेला. त्या संध्याकाळी मी या देशात पहिल्यांदा मोठ्याने हसले. सोमवारी लॅबमध्ये कुणीतरी विचारलं, "पाहिलंस का?" आणि मी अर्धा तास बोलत होते. त्यामुळे टेनंट माझ्यासाठी दहावा नव्हताच. तो पहिला होता.

आता ते जे टाळत आले ते.

जुलै २००९ मध्ये सांगलीला माझे वडील गेले. मी तिसऱ्या दिवशी पोचले. मुलगा बरोबर होता, आठ वर्षांचा. त्याने तिथे सगळं पाहिलं: तेरावा होईपर्यंत टीव्ही लागला नाही, गोड झालं नाही, माणसं येऊन खाली सतरंजीवर बसून जायची. तो आजीच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायचा. मी रडले नाही. कामं होती, आईला बघायचं होतं, परतीचं तिकीट होतं.

आणि १ जानेवारी २०१० च्या संध्याकाळी, आमच्या बैठकीतले तिघेजण घरी आलेले असताना, मी रडले. तुम्हाला तो प्रसंग माहीत आहे. सगळं संपलेलं असतं. डॉक्टर फुटक्या काचांमध्ये पडलेला, आपण जिवंत आहोत यावर त्याचाच विश्वास बसत नाही. आणि मागून काचेवर टकटक होते. हलकी, चार वेळा. मास्टर नव्हे; डॉक्टरच्या बरोबर असलेला म्हातारा विल्फ. किरणोत्सर्गाच्या कोठडीत अडकलेला, भिऊन, अगदी अदबीने वाजवतोय, जरा बाहेर काढता का म्हणून. वर्षभर आम्ही राक्षस शोधत होतो. विल्फ म्हणतो, मला राहू द्या इथे, माझं आयुष्य झालंय. डॉक्टर आधी चिडतो, त्याच्यावर ओरडतो, मग दार उघडून आत जातो.

मैत्रिणी म्हणतात, अगं तू तुझ्या बाबांसाठी रडलीस. इतकं सरळ नाही हो ते. विल्फचं काम करणाऱ्या बर्नार्ड क्रिबिन्स यांच्यात माझ्या वडिलांसारखं काही नव्हतं. मी टेनंटसाठी रडले, त्या डॉक्टरसाठी, जो आठवडाभर आधीच एका कॅफेत विल्फला सांगून बसला होता की बदललो तरी ते मरणच असतं, आपलं सगळं संपतं आणि कुणी दुसराच उठून चालू लागतो. मी नोव्हेंबरात हेच म्हणत होते. ते मालिकेनेच मान्य केलं होतं. माझं बरोबर होतं. पण वडिलांसाठी रडले नाही असं तरी मी कशी म्हणू? मला वेगळं काढता येत नाही. कुणी वेगळं काढून दिलेलंही नको आहे.

मग आग, डॉक्टरचं यान टार्डिस कोसळतंय, आणि नवा मुलगा हातपाय मोजतोय, केस चाचपतोय. माझा मुलगा जमिनीवर पुढे सरकून बसला होता. तो आनंदाने ओरडला, "आई, केस बघ त्याचे!"

मी म्हटलं, "हा डॉक्टर नाही. डॉक्टर मेला."

पाहुण्यांसमोर, मोठ्याने. इंग्रजीत नव्हे, मराठीत, म्हणजे ते फक्त त्याच्यासाठी होतं. बैठकीत बोलावं तसं मी बोलले. ऐकणारा आठ वर्षांचा होता आणि पाच महिन्यांपूर्वीच त्याने "मेले" या शब्दाचा अर्थ पाहिला होता. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने वर झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीत आवरताना खिडकीत बुटांचा रिकामा खोका दिसला. आत त्याचा सोनिक स्क्रूड्रायव्हर, डॉक्टरच्या हातातल्या अवजाराचं खेळणं, निळा दिवा लागणारा, मागच्या वाढदिवसाला हट्ट करून घेतलेला. खाली हातरुमाल अंथरलेला. बॅटऱ्या काढून बाजूला, एकीला एक लावून ठेवलेल्या. मागचं ते इवलंसं झाकण त्याला एकट्याला उघडता यायचं नाही, दर वेळी माझ्याकडे यायचा. या वेळी कशाने उघडलं कोण जाणे, कडेला ओरखडे होते. तो दारात उभा होता. म्हणाला, "आजोबांसारखं तेरा दिवस ना?"

मी "हो" म्हटलं.

हे मला सांगायचं होतं. "नाही रे राजा, तो आहे, फक्त बदललाय" एवढं मी म्हणू शकले असते. ते शंभर लोकांनी मला सांगितलेलं होतं, माझ्या तोंडावर होतं. मी म्हटलं नाही. काही अंशी दमले होते म्हणून. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. अख्ख्या घरात कुणीतरी माझ्या बाजूचं होतं. आई होऊन मुलाला मी माझ्या सुतकात ओढलं, आणि तेरा दिवस त्याने ते पाळलं. जुने भाग लावले नाहीत. शाळेत मुलं नव्या डॉक्टरबद्दल बोलायची, तेव्हा हा गप्प राहायचा. ते मला त्याच्या बाईंनी नंतर सांगितलं. तेराव्या दिवशी जेवताना त्याने विचारलं, "आता नवा चालेल का?"

३ एप्रिलला, ईस्टरच्या शनिवारी, नवा सुरू झाला. मी बघणार नव्हते. खरंच नव्हते. स्वयंपाकघरात भांडी घासत होते. बाहेरून मुलाचं हसू ऐकू आलं, थांबेना. ओल्या हातांनी दारात आले, तर एका लहान मुलीच्या स्वयंपाकघरात तो नवा माणूस तिने दिलेला एकेक पदार्थ तोंडात घालून थुंकत होता, आणि शेवटी माशाचे तळलेले तुकडे कस्टर्डमध्ये बुडवून खाऊ लागला. ती मुलगी त्याला अजिबात घाबरत नव्हती. मी तिथेच उभी राहून भाग संपेपर्यंत पाहिला.

मुलासाठी पाहिला, असं म्हणून सुटता आलं असतं. पण मला तो आवडला. पंधरा मिनिटांत आवडला. याचाच मला अजून राग आहे. रागवायचं विसरायला त्या गृहस्थांना तीन शनिवार लागले होते.

म्हणून म्हणते, मत बदललेलं नाही. १ जानेवारीला कुणीतरी गेलं. ते तात्पुरतं नव्हतं. आणि तरी मी बघते. या दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारीशेजारी राहतात, भांडत राहतात. पुढे स्मिथ गेला, कपाल्डी गेला, व्हिटेकर गेली; वादांत मी होते, पण "मेला" हा शब्द पुन्हा वापरला नाही.

मग २०२३ मध्ये टेनंट परत आला. साठाव्या वर्षाचे तीन भाग. शेवटी तर डॉक्टर एकाचे दोन झाले आणि हा मागे राहिला, त्याची जुनी सोबतीण डोना, तिच्या घरच्यांबरोबर बागेत जेवत. सगळ्यांना वाटलं मी खूश असेन. मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही. ज्याचा तेरावा झाला तो बागेत बसून जेवतोय! मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा, दुसऱ्या गावी राहतो. त्याचा फोन आला, तासभर भांडलो. तो म्हणाला, "आई, तुला हेच तर हवं होतं." मी म्हटलं, "२००९ मध्ये हवं होतं." तो म्हणाला, "मग मी तेरा दिवस कुणासाठी बसलो?"

तो चिडून बोलला नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही. अकराव्याचा, म्हणजे स्मिथचा, हिरव्या दिव्याचा सोनिक त्याला पुढच्या वाढदिवसाला मिळाला होता, तो त्याने मोडेपर्यंत वापरला. निळा अजून त्या खोक्यात, माझ्या कपाटात आहे. बॅटऱ्या बाजूलाच होत्या. त्या गळून हातरुमालाला डाग पडला, म्हणून मागच्या वर्षी मी फक्त त्या काढून टाकल्या.