बॉनेटवरचं तळं

"ताई, गाडीवर काहीतरी आपटतंय." काकांची हाक आली तेव्हा मी डबक्याच्या काठावर पालथी पडून चतुरांच्या काती मोजत होते. रात्री अळ्या गवताच्या काडीवर चढतात, पाठ उलते, चतुर बाहेर पडतो आणि मागे कोरडं टरफल राहतं. त्या टरफलांवरून डबक्यातून किती चतुर उडाले याचा अंदाज येतो. काम किचकट. मी म्हटलं, "आपटू दे."

पाच मिनिटांनी पुन्हा हाक. "अहो, जोडीनं येताहेत!"

जोडीनं म्हटल्यावर उठले. चार दिवसांनी ऊन पडलं होतं आणि आमची लाल जीप लखलखत होती. काका रोज सकाळी ती पुसतात, त्या दिवशी तर पॉलिशही लावलं होतं. बॉनेटवर पँटाला फ्लॅव्हेसेन्स या चतुराची जोडी घिरट्या घालत होती. पुढे नर, त्याच्या शेपटीच्या टोकात मादीचं डोकं अडकलेलं. दर काही क्षणांनी दोघं खाली झेपावत आणि मादी शेपटीचं टोक पत्र्यावर टेकवून उचलत असे. टक्. पुन्हा टक्. पाण्यावर अंडी घालताना हेच करतात. मी वाकून पाहिलं. तापलेल्या पत्र्यावर बारीक पिवळट कण चिकटले होते.

"आपली गाडी आज भलतीच भाव खातेय," काका म्हणाले.

मला हसू येईना. पँटाला म्हणजे आमच्या सर्वेक्षणातला सगळ्यांत नेहमीचा चतुर. साडेचार सेंटिमीटरचा, पिवळट अंगाचा, अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर सापडणारा (युरोपात मात्र क्वचित). वहीत नाव लिहायचं आणि पुढे जायचं, अशी माझी वर्षानुवर्षांची सवय. अशा नेहमीच्या जातींकडे आम्ही अभ्यासक फार उर्मटपणे बघतो.

खरं तर याचं सगळं जगणंच पावसाच्या मागे पळण्याचं. नदी-तलावात मासे असतात, ते अळ्या खातात. म्हणून हा पावसाची ताजी, उथळ डबकी गाठतो. डबकं आटायच्या आत उरकायचं असतं, त्यामुळे अळी डासांच्या अळ्यांवर ताव मारत झपाट्यानं वाढते; उबदार पाण्यात जेमतेम सहा आठवड्यांत पंख फुटतात. मागच्या पंखांचा बुडखा एवढा रुंद असतो, की फारशी फडफड न करता हा वाऱ्यावर तरंगत राहतो. मालदीवच्या प्रवाळबेटांवर गोडं पाणी जवळजवळ नाहीच, तरी दर ऑक्टोबरात तिथे यांचे थवे उतरतात. हे कोडं चार्ल्स अँडरसन या तिथल्या सागरी जीवशास्त्रज्ञानं धरून ठेवलं. २००९ मध्ये त्यांनी मांडलं, की हे चतुर भारतातून उंचावरच्या वाऱ्यांवर स्वार होऊन समुद्र ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेत पोचतात. जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटर, आणि तेही एका चतुराचं काम नव्हे. फेरी पुरी व्हायला चार पिढ्या लागतात.

एवढा समुद्र पार करणाऱ्या जातीला आमच्या बॉनेटनं गंडवलं होतं. पाण्यावरून परतणारा प्रकाश आडव्या दिशेनं ध्रुवित झालेला असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः आडव्याच डोलतात. आपल्या डोळ्यांना तो फरक कळत नाही, चतुरांना कळतो आणि ते त्यावरूनच पाणी ओळखतात. गुळगुळीत रंगवलेला पत्राही तसाच प्रकाश परतवतो. लाल आणि काळ्या गाड्या पाणकीटकांना जास्त ओढतात, हे हंगेरीतल्या संशोधकांनी २००६ मध्येच दाखवलं होतं. मी ते वाचलंही होतं. तरी गाडी डबक्यापासून वीस पावलांवर उभी करायला मीच सांगितलं होतं.

गाडी हलवावी, तर चाक चिखलात रुतलेलं. बॉनेटवर ताडपत्री टाकली. जोडी गोंधळली, एक वळसा घेऊन वर गेली आणि सरळ टपावर उतरली. टक्.

"आता?" काकांनी विचारलं.

"चकाकी घालवायला हवी. चिखल फासू या."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सकाळीच पॉलिश केलेल्या टपाकडे. काही बोलले नाहीत. डबा उचलला, खड्ड्यातला चिखल भरून घेतला आणि चाकावर पाय देऊन वर चढले.