सगळ्यांना एकाच वर्गात कशाला बसवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातलं दुखणं आणि त्रास हलका करण्याच्या, वर्गात एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि एमएसडब्ल्यूची (समाजकार्याची) मुलं एकत्र बसतात. पालक काय, प्राध्यापक काय, सगळे हेच विचारतात: ज्याचं काम त्याने करावं, ही खिचडी कशाला?

मी स्वतः वैद्यकीय समाजसेविका. कामाच्या वाटणीला माझी हरकत नाही. मॉर्फिनसारखं जोरदार वेदनाशामक डॉक्टरनेच लिहून द्यायचं. पण पेशंट आपलं दुखणं खात्यांप्रमाणे वाटून सांगत नाही ना! राउंडला डॉक्टरांपुढे तो "बरंय" म्हणतो, ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरजवळ कण्हतो, आणि पोरीच्या लग्नाचं कर्ज माझ्या कानावर घालतो.

म्हणून वर्गात मी चिठ्ठ्या वाटते. पेशंट कल्पित, पण असे खूप भेटतात. फुप्फुसाचा कॅन्सर बरगड्यांत पसरलेला, घर चाळीत. एमबीबीएसच्या चिठ्ठीत: दर चार तासांनी १० मिलिग्रॅम मॉर्फिन लिहून दिलंय, तरी दुखणं हटत नाही. नर्सिंगच्या: पाच दिवस पोट साफ नाही, जेवणही कमी केलंय. फिजिओच्या: खाटेपासून दारापर्यंत चालला की धाप लागते. एमएसडब्ल्यूच्या: संडास गॅलरीच्या टोकाला, बायको दुपारपर्यंत धुण्याभांड्याला बाहेर.

एमबीबीएसवाला लगेच म्हणतो, डोस वाढवा. त्याच्या चिठ्ठीपुरतं बरोबरच आहे. सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर आल्या की मात्र दिसतं, बाबांनी गोळ्या घेणंच सोडलंय. मॉर्फिनने पोट बांधलं जातं, आणि कुंथायला लागून कोणाच्या तरी आधाराने गॅलरी पार करण्यापेक्षा त्यांनी दुखणं पत्करलंय. इथे हवंय मॉर्फिनच्या जोडीला रेचक (ते पहिल्या दिवसापासूनच द्यायला हवं होतं), खाटेशेजारी कमोडची खुर्ची आणि सकाळी शेजारचं कोणीतरी. मग बघू डोसचं.

नियम एकच: डॉक्टर होणाऱ्याने शेवटी बोलायचं. काहींना ती शिक्षाच वाटते. पण मला जास्त चिंता नर्सिंगच्या मुलींची. आपल्याच वयाच्या मुलाला त्या "सर" म्हणतात. एकीने चिठ्ठी मनातल्या मनात वाचून घडी घालून ठेवली. का गं, विचारलं तर म्हणाली, "सरांनी विचारलं नाही." तेव्हापासून वर्गात "सर" बंद, नावाने हाक मारायची.

हे खूळ माझं नव्हे. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स, मग हॉस्पिटलातल्या समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण, उघडलं. शरीराचं, मनाचं, पैशाचं, श्रद्धेचं दुखणं एकच, असं त्या म्हणत. तिन्ही कामं एकाच बाईंनी केली होती, त्यांना दिसणारच. आपल्याकडे तेवढी सवड कोणाला? म्हणून टेबलाभोवती माणसं बसवायची.

सगळ्यात अवघड तालीम दाराबाहेरची. मुलगा हात जोडून सांगतो, "बाबांना काही सांगू नका हं." एकाने टाळलं, दुसऱ्याने बोलून टाकलं, की विश्वास संपला. त्यामुळे कोण बोलणार हे आत जाण्याआधी ठरवायचं. आणि व्यायाम घेताना बाबांनी फिजिओलाच विचारलं, "मी वाचेन का?" तर? खोटं बोलायचं नाही, पळायचं नाही. "तुम्हाला काय वाटतं?" म्हणून ऐकून घ्यायचं आणि बाकीच्यांना येऊन सांगायचं. हे एक वाक्य म्हणतानासुद्धा मुलांची जीभ अडखळते.

इंटर्नशिपमध्ये यातलं किती टिकतं? सगळं नाही. वॉर्डातली उतरंड जुनी आहे, ती माझ्या वर्गाने हलत नाही. आणि खरी डोकेदुखी वेगळीच: चार कॉलेजांची चार वेळापत्रकं. या वर्गाला मार्क नाहीत, तरी मुलं येतात. फक्त परीक्षेच्या महिन्यात बोलावू नका.